घराची साखळी, तिच्यातला उशीर आणि आपली ग्रॅच्युइटी

(महादेवपुरा, बेंगळुरू येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर काही बंधूंनी आम्हाला विचारले, की युनियनच्या व्यासपीठावर घरखरेदीचे बोलणे कशासाठी? महागाई भत्ता, बदल्या, रिकाम्या जागा, जुनी पेन्शन हे आपले प्रश्न. घर हा ज्याचा त्याचा खाजगी मामला. आमचे उत्तर साधे आहे. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत कामगाराच्या हातात मोठी रक्कम एकदाच येते, ती निवृत्तीच्या वेळी. आणि ती बहुतेकांची एकाच गोष्टीत जाते, ती म्हणजे घर. पगारातल्या शंभर रुपयांसाठी आपण निदर्शने करतो, आणि विसार म्हणून दिलेले सहा लाख वर्षभर दुसऱ्याच्या खात्यात अडकले तरी गप्प बसतो. ते सहा लाखही आपल्या मजुरीचेच आहेत. म्हणून हा विषय युनियनचा आहे.

महादेवपुऱ्यात आपली मराठी माणसे बरीच आहेत. कृष्णराजपुरमचे लोको शेड जवळ, व्हाइटफील्डचा कंटेनर डेपो जवळ. १ एप्रिल २००३ रोजी दक्षिण पश्चिम रेल्वे झाली, हुबळी तिचे मुख्यालय झाले आणि बेंगळुरू विभाग तिच्यात आला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसे बदलीने इकडे येण्याचा रस्ता त्यामुळे रुळला. टपाल खात्यातलेही अनेक जण इथे नोकरी करता करता स्थिरावले. कोणी त्या काळी स्वस्तात जागा घेतली, कोणी क्वार्टरमध्येच राहिले. मार्च २०२३ मध्ये कृष्णराजपुरा ते व्हाइटफील्ड मेट्रो सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती बैयप्पनहळ्ळीमार्गे शहराला जोडली गेली. तेव्हापासून इथल्या जुन्या फ्लॅटलाही गिऱ्हाईक आहे. निवृत्तीला आलेले बंधू विचार करू लागले, की इथले विकावे आणि गावी घर घ्यावे. क्वार्टरमधले बंधू विचार करू लागले, की मुले इथेच नोकरीला आहेत, तेव्हा इथेच घ्यावे. दोघेही एकाच साखळीत येतात.

साखळी म्हणजे काय, हे रेल्वेच्या माणसाला समजावून सांगायला नको. पुढचा ब्लॉक सेक्शन मोकळा झाल्याखेरीज मागच्या गाडीला लाइन क्लिअर मिळत नाही. घरांचेही तसेच. मी तुझे घर घेणार, पण तू तिसऱ्याचे घेतल्याशिवाय माझे रिकामे करणार नाहीस, आणि तिसरा चौथ्याची वाट पाहतो आहे. फरक एवढाच, की रेल्वेत कंट्रोलर असतो. गाडी कुठे अडकली हे त्याला दिसते. घरांच्या साखळीला कंट्रोलर नाही. पहिल्या घराच्या माणसाला चौथ्या घराच्या माणसाचे नावही ठाऊक नसते.

एक उदाहरण धरू. माणसे मनातली आहेत, अडचणी मात्र सगळ्या खऱ्या. आपले एक गार्ड बंधू आहेत. २०२२ पासून कागदावर त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, आपण गार्डच म्हणू. ते क्वार्टरमध्ये राहतात आणि तीन महिन्यांनी निवृत्त होणार आहेत. सिंगय्यनपाळ्या मेट्रो स्टेशनजवळ एका टपाल बंधूंचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, तो त्यांनी ६० लाखांना ठरवला. टपाल बंधू बेळगावला टिळकवाडीत एका गुरुजींचे घर घेणार. गुरुजी पुण्याला मुलाजवळ जाणार, तिथे बिल्डरकडे फ्लॅट बुक करणार. गार्डनी टपाल बंधूंना ६ लाख विसार दिला आणि करारात लिहिले, ‘चार महिन्यांत खरेदीखत’. टपाल बंधूंनी तेच ६ लाख दुसऱ्या दिवशी गुरुजींना दिले आणि तिथे करारात लिहिले, ‘तीन महिन्यांत खरेदीखत’. गुरुजींना घाई होती, टपाल बंधू भिडेचे माणूस, सही करून मोकळे झाले.

आता बघा काय झाले. टपाल बंधूंना पैसे मिळणार चौथ्या महिन्यात, द्यायचे मात्र तिसऱ्या महिन्यात. अजून कोणाचाही उशीर झालेला नाही, सगळे वेळेवर आहेत, तरी मधल्या माणसाचा एक महिना उघडा पडला आहे. त्यात उशीर झाला की हा एक महिना वाढतच जातो, आणि जप्त होण्याच्या वाटेवर असतो तो त्याचा विसार.

इंग्लंडमध्ये या प्रकाराला चेन म्हणजे साखळीच म्हणतात आणि तिथली वर्तमानपत्रे त्यावर रकाने भरतात. पण तिथली रीत निराळी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही कोणाला बांधलेला नसतो, आणि साखळीतले सगळे जण ही अदलाबदल शक्यतो एकाच दिवशी उरकतात. तोवर कोणी मागे फिरला तर मनस्ताप होतो, वकिलाची आणि सर्व्हेची फी फुकट जाते, पण कोणाचा विसार बुडत नाही. आपल्याकडे उलटे आहे. आपण आधी विसार देऊन बांधून घेतो, तेही प्रत्येक जण वेगळ्या दिवशी, वेगळ्या मुदतीने. आमच्या मते आपल्या साखळीतले निम्मे दुखणे इथे आहे. उशीर सगळीकडे होतो. आपल्याकडे दोन करारांतल्या तारखा एकमेकींशी बोलत नाहीत.

आता एकेक कडी बघू. सुरुवात गार्डच्या कडीपासून, कारण ती आपल्या खात्याची आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

निवृत्तीनंतर रेल्वेचे क्वार्टर चार महिने नेहमीच्या भाड्याने ठेवता येते. आजारपण किंवा मुलांचे शिक्षण असे कारण दाखवून परवानगी मिळाली, तर पुढचे चार महिने दुप्पट भाड्याने. एकूण आठ. म्हणून पुष्कळ बंधू हिशेब करतात, की आठ महिने हातात आहेत, घाई कशाची? पण रेल्वे सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९९३ मधला नियम १६ वाचा. क्वार्टर रिकामे केले नसेल तर ग्रॅच्युइटीची संपूर्ण रक्कम रोखून ठेवली जाते. थोडी नव्हे, संपूर्ण. ती प्रशासनाकडे रोख स्वरूपात पडून राहते. परवानगीच्या मुदतीबाहेर राहिले तर दंडाचे भाडे त्यातूनच कापतात, आणि निवृत्तीनंतरच्या पासांवरही गदा येते.

म्हणजे चक्र असे होते. ग्रॅच्युइटी हातात आल्याशिवाय घर घेता येत नाही. घर घेतल्याशिवाय क्वार्टर सोडता येत नाही. क्वार्टर सोडल्याशिवाय ग्रॅच्युइटी मिळत नाही. गार्ड बंधू टपाल बंधूंना दर आठवड्याला सांगतात, ‘पैसे येतीलच,’ आणि त्यात खोटे काही नाही. पैसे मंजूर आहेत, फक्त ते ज्या दाराच्या मागे आहेत त्याची किल्ली त्यांच्याच खिशात आहे. इकडे बेळगावला गुरुजींची मुदत टळते आणि पुण्याला बिल्डरचा हप्ता थकतो. चार घरे थांबलेली असतात ती एका क्वार्टरसाठी.

हे चक्र दोन तऱ्हांनी फोडता येते. पहिली तऱ्हा म्हणजे खरेदीखत ग्रॅच्युइटीवर टांगायचेच नाही. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी शिलकीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. निवृत्तीनंतर पेन्शनचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून त्याची रक्कम मिळते, कमाल तीनशे दिवसांच्या रजेचा पगार मिळतो. यातल्या कशालाही क्वार्टरची आडकाठी नाही. तरी तूट राहिली तर तेवढ्यापुरते बँकेचे कर्ज घ्यावे, आणि ते निवृत्तीच्या आधी, पगारपत्रक हातात असताना, जमल्यास मुलाला किंवा पत्नीला सहकर्जदार करून. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वी फेडण्याचा दंड बँकांना लावता येत नाही. क्वार्टर सोडले, ग्रॅच्युइटी आली, की कर्ज मिटवून टाका. चार-सहा महिन्यांचे व्याज जाईल, साखळी मात्र तुटणार नाही.

दुसरी तऱ्हा अनेकांना आवडत नाही. ती म्हणजे भाड्याच्या घरात जाणे. ‘आयुष्यभर क्वार्टरमध्ये राहिलो आणि आता म्हातारपणी भाड्याच्या खोलीत?’ असे आमच्या भगिनी विचारतात, आणि त्यांचे दुःख आम्हाला कळते. सामान दोनदा हलवायचे, देव दोनदा मांडायचे, गॅसची जोडणी दोनदा बदलायची, आणि हे सगळे बहुतेक त्यांच्याच अंगावर पडते. पण हिशेब मांडून पाहा. महिना पंचवीस हजार भाडे धरले तर सहा महिन्यांचे दीड लाख. वीस लाखांची ग्रॅच्युइटी सहा महिने अडकली तर सात टक्क्यांनी सत्तर हजारांचे व्याज नुसते बसून गेले. वर सहा लाखांचा विसार धोक्यात. आणि शेवटच्या आठवड्यात घाबरून कोणाकडून तरी चढ्या व्याजाने उचल करावी लागते, ती वेगळीच. स्टेशनात लूप लाइन कशासाठी असते? एक गाडी बाजूला घेतली की मेन लाइन मोकळी होते. बाजूला उभ्या राहणाऱ्या गाडीला त्यात कमीपणा नसतो.

या नियमाबद्दल आमचे म्हणणेही इथे सांगून ठेवतो. केंद्र सरकारच्या इतर कर्मचाऱ्यांसाठी १९७२ चे जे निवृत्तिवेतन नियम होते, त्यांत सरकारी घराच्या थकबाकीचा आकडा ठरत नसेल तर ग्रॅच्युइटीचा दहा टक्के भाग राखून ठेवण्याची तरतूद होती. रेल्वेत मात्र संपूर्ण रक्कम. क्वार्टर वेळेवर रिकामे व्हावे, कारण बदलून येणारा दुसरा बंधू रांगेत उभा आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्याला आठ महिने राहायला प्रशासनानेच लेखी परवानगी दिली, त्याची सगळी रक्कम त्याच आठ महिन्यांत अडवायची, हे न्यायाला धरून नाही. परवानगीच्या मुदतीपर्यंत भाड्याच्या अंदाजाइतकी रक्कम राखावी आणि बाकीची द्यावी, एवढी मागणी लावून धरली तरी कितीतरी घरांच्या साखळ्या मोकळ्या होतील. २०२४ पासून ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा २५ लाख झाली आहे. अडकणारी रक्कमही तेवढीच मोठी झाली.

खात्याच्या घरबांधणी अग्रिमाबद्दल एक शब्द. २०१७ च्या नियमांप्रमाणे तो ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख यांपैकी कमी असेल तेवढा मिळतो. पण तयार घरासाठी तो गृहनिर्माण मंडळ, विकास प्राधिकरण, नोंदणीकृत बिल्डर अशांकडून घेतलेल्या नव्या घराला आहे. खाजगी व्यक्तीकडून जुना फ्लॅट घेताना तो मिळत नाही. करार करून, विसार देऊन मग अर्ज करायचा आणि नकार आल्यावर धावपळ करायची, असे करू नका.

आता टपाल बंधूंची कडी, म्हणजे महादेवपुऱ्याची खास कडी.

महादेवपुरा आधी वेगळी नगरपालिका होती. २००७ मध्ये ती बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाली. २०२५ मध्ये शहराच्या पाच महापालिका झाल्या आणि महादेवपुरा बेंगळुरू पूर्व महापालिकेत गेला. आपण घर हलवले नाही, कचेऱ्याच हलल्या. प्रत्येक हलण्यात दप्तरे इकडची तिकडे झाली, नावांचे स्पेलिंग बदलले, क्षेत्रफळाचे आकडे बदलले. आपल्या महाराष्ट्रातल्या बंधूंना सांगायला हवे, की इथे सगळे ‘खाता’ या कागदावर अडते. पालिकेच्या कराच्या दप्तरात मालमत्ता कोणाच्या नावे आहे, त्याचा तो उतारा. नियमित मालमत्तेला ए खाता, आणि शेतजमिनीवर बिनपरवाना पाडलेले प्लॉट वगैरेंना बी खाता. बी खात्यावर बहुतेक बँका कर्ज देताना मागेपुढे पाहतात. २०२५ मध्ये सरकारने बी खात्याचे प्लॉट ए करून देण्याची योजना आणली आहे, पण ‘ए होणारच आहे’ असे विकणारा म्हणतो म्हणून विसार देऊ नका. झाल्यावर द्या.

ऑक्टोबर २०२४ पासून बेंगळुरूत ई-खाता असल्याशिवाय खरेदीखताची नोंदणी होत नाही. चांगली सुधारणा आहे. एकच जागा दोघांना विकण्याचे प्रकार यामुळे अवघड होतील. पण टपाल बंधूंनी फ्लॅट पंधरा वर्षांपूर्वी घेतला, तेव्हापासून कागद कपाटात. आता खरेदीखत, मालमत्ता कराचा क्रमांक, बोजा प्रमाणपत्र, आधार, विजेच्या मीटरचा क्रमांक हे सगळे जुळले पाहिजे. खरेदीखतात बापाचे नाव पूर्ण आणि आधारावर नुसते आद्याक्षर, एवढ्यानेही अर्ज परत येतो. आम्ही बंधूंचे कागद पाहतो तेव्हा नेहमी आढळते, की घर विकायला काढले दसऱ्याला, गिऱ्हाईक आले दिवाळीला, आणि ई-खात्याचा अर्ज केला विसार घेतल्यावर. आधी ई-खाता, मग जाहिरात. ज्यांना पाच वर्षांनी विकायचे आहे त्यांनीही तो आताच काढून ठेवावा.

फ्लॅटवर टपाल बंधूंचे कर्ज बाकी असेल, तर मूळ कागद बँकेकडे आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये आदेश काढला. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ कागद परत द्यायचे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा आदेश लक्षात ठेवा आणि बँकेत नाव घेऊन सांगा. पण मुदत ठरवताना ते तीस दिवस धरूनच चाला. गार्ड बंधूंनीही कर्जाच्या बाकीइतके पैसे टपाल बंधूंच्या हातात न देता थेट त्यांच्या कर्जखात्यात भरावेत आणि पोच घ्यावी. मैत्रीत अविश्वास नको हे खरे, पण बँकेचा बोजा मैत्री ओळखत नाही.

परदेशी गेलेल्या मालकाचा फ्लॅट घेत असाल तर अजून सांभाळा. या भागात संगणकाच्या नोकरीतले बरेच मालक बाहेर आहेत. त्यांचे मुखत्यारपत्र तिकडच्या वकिलातीतून किंवा तिथल्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रासह येते, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. पन्नास लाख किंवा जास्त किमतीच्या घरावर निवासी मालकाच्या पैशातून एक टक्का आयकर कापायचा असतो. मालक अनिवासी असेल तर किंमत कितीही असली तरी कपात आहे, आणि ती पुष्कळच जास्त. ती कमी करून घ्यायला मालकाने आयकर खात्याचे प्रमाणपत्र आणावे लागते आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात.

आणि नोंदणी कचेरी. २०२५ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला कर्नाटकाची ‘कावेरी’ नोंदणीप्रणाली बसली आणि खरेदीखते खोळंबली. बाहेरून बनावट विनंत्यांचा मारा झाल्याचे सरकारने सांगितले. पुढे ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी एक टक्क्याची दोन टक्के झाली. ६० लाखांच्या फ्लॅटला ३० ऑगस्टपर्यंत ६०,००० रुपये फी होती, ३१ पासून १,२०,०००. मुद्रांक शुल्क उपकरांसह ५.६ टक्के, म्हणजे ३,३६,०००, ते वेगळे. ज्याची साखळी ऑगस्टमधून सप्टेंबरमध्ये घसरली, त्याला त्या उशिराची किंमत रोख मोजावी लागली. अशा वेळी वाढीव खर्च कोणी सोसायचा, हे करारात लिहिलेले असले की भांडण होत नाही. लिहिलेले नसले की खरेदीदार सोसतो. हेही लक्षात असू द्या, की सह्या झालेले खरेदीखत चार महिन्यांपर्यंत नोंदणीसाठी सादर करता येते. संगणक दोन दिवस बंद पडला म्हणून व्यवहार बुडत नाही.

बेळगावच्या गुरुजींची कडी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे. घर वडिलांच्या नावावर, वडील जाऊन वीस वर्षे झाली, बहीण गोव्यात दिलेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. तिने हक्कसोडपत्र द्यायचे की पैसे घ्यायचे, हे तिने ठरवायचे, आणि तिला गृहीत धरून कोणी करार केला तर ती साखळी खुशाल थांबवू शकते. त्यात तिचा दोष नाही. घर बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, की उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत आणि ते सगळे सही करणार आहेत का.

पुण्याकडच्या व्यवहारात एक फरक आहे. कर्नाटकात ताबा न देता केलेल्या विक्री-करारावर मुद्रांक शुल्क थोडे असते, मोठे शुल्क खरेदीखताला. महाराष्ट्रात साठेखतालाच पूर्ण शुल्क भरण्याची रीत आहे. म्हणून तिथे साखळी साठेखतानंतर तुटली तर नुकसान मोठे. मागची कडी पक्की होईपर्यंत गुरुजींनी साठेखताची घाई करू नये. बिल्डरचे सांगायचे तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदवलेल्या कराराशिवाय त्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि ताबा लांबला तर गिऱ्हाईकाला व्याज मागता येते किंवा व्याजासह पैसे परत मागता येतात. पण रेरा बिल्डरला लागतो. टपाल बंधू आणि गुरुजी यांच्यातल्या व्यवहाराला तो उपयोगी नाही. तिथे आपला करार हाच आपला कायदा.

म्हणून करारात काय असावे ते नीट ऐका. आपण मध्ये असाल, म्हणजे एक घर विकून दुसरे घेत असाल, तर घेण्याच्या करारातली मुदत विकण्याच्या मुदतीनंतर निदान महिनाभराची हवी. कॅलेंडरची तारीख लिहिण्यापेक्षा ‘माझ्या अमुक फ्लॅटचे खरेदीखत झाल्यापासून तीस दिवसांत, पण अमुक तारखेच्या आत’ असे लिहा. ई-खाता, बँकेचे कागद, वारसांच्या सह्या यांपैकी ज्याचे जे काम आहे त्याचे नाव आणि मुदत लिहा, आणि ते न झाल्यास विसार किती दिवसांत परत, तेही. विसार दहा टक्क्यांहून जास्त देऊ नका. जमले तर तोही दोन टप्प्यांत द्या, दुसरा टप्पा ई-खाता दाखवल्यावर.

मुदतीविषयी लोकांचा एक गैरसमज आहे. तारीख टळली की करार आपोआप रद्द होतो, असे वाटते. तसे नाही. चांद रानी विरुद्ध कमल रानी या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की स्थावर मालमत्तेच्या विक्रीत वेळ हे कराराचे सार आहे असे गृहीत धरता येत नाही, ते करारावरून आणि परिस्थितीवरून ठरते. २०११ मध्ये सारदामणी कंदप्पन खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले, की शहरांत किमती झपाट्याने चढत असताना या जुन्या गृहीतकाचा फेरविचार व्हायला हवा. याचा आपल्यापुरता अर्थ एवढाच, की तारीख महत्त्वाची असेल तर ‘वेळ हे या कराराचे सार आहे’ हे शब्द लिहून घ्या, आणि जिथे आपल्याकडूनच उशीर होण्याचा संभव आहे तिथे ते लिहून देऊ नका.

मुदत वाढवायची वेळ आली तर फोनवर वाढवू नका. दोन ओळींचे पुरवणीपत्र करा, दोघांच्या सह्या घ्या. खरेदीदाराने आपण पैसे घेऊन तयार होतो आणि आहोत हे दाखवणारे कागद जपावेत : बँकेचे मंजुरीपत्र, निधी काढल्याचा आदेश, पाठवलेली पत्रे. करार पाळायला लावण्याचा दावा करायचा झाला तर ही तयारी सिद्ध करावी लागते, आणि दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. त्याच दाव्यात विसार परत मिळण्याची मागणीही घालायला वकिलाला सांगा. मागितली नाही तर न्यायालय ती आपणहून देत नाही. नोटीस पाठवायची तर पोचपावतीसह पाठवा. जुने रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. त्याची हळहळ आपल्या टपाल बंधूंना आहे, आम्हालाही आहे. पण काउंटरवर पोच मागितली की मिळते.

टपाल बंधूंच्या डोक्यावर आयकराचेही घड्याळ चालू असते. राहते घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायला विक्रीपासून दोन वर्षांत दुसरे घर घ्यावे लागते, बांधायचे असेल तर तीन वर्षांत. विक्रीच्या आधी एक वर्षात घेतलेलेही चालते. विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंत घर झाले नाही, तर ती रक्कम बँकेत १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते. बचत खात्यात ठेवून चालत नाही. म्हणजे बेळगावचे घर अडले म्हणून घाबरून नको ते घर घेण्याचे कारण नाही. दोन वर्षे हा पुष्कळ वेळ आहे.

शेवटची गोष्ट कागदाची नाही. साखळीत माणसे एकमेकांना खोट्या तारखा सांगतात. दुष्टपणाने नव्हे, भिडेने. ‘पुढच्या आठवड्यात होईल’ हे वाक्य आम्ही इतके ऐकले आहे, की त्याचा अर्थ ‘मला माहीत नाही’ असा आम्ही लावतो. गार्ड बंधूंनी पहिल्याच दिवशी सांगितले असते, की माझे पैसे क्वार्टर सोडल्यावर येतील आणि क्वार्टर मी अमुक महिन्यात सोडेन, तर टपाल बंधूंनी गुरुजींना तीन महिन्यांचा शब्द दिलाच नसता. चौघांचे फोन नंबर चौघांकडे असावेत. दर पंधरा दिवसांनी एकाने बाकीच्यांना विचारावे, कोणाचे काय झाले. कंट्रोलर नाही म्हणतो ना आपण? मग आपल्यातलाच एक जण तेवढ्यापुरता कंट्रोलर व्हावा. ज्याला सर्वांत जास्त घाई आहे, त्यानेच व्हावे.

आता प्रश्न घेऊ. ज्यांचे खरेदीखत येत्या महिन्यात आहे, किंवा ज्यांच्या क्वार्टरची मुदत संपत आली आहे, त्यांनी आधी पुढे यावे. करार बरोबर आणला असेल तर मुदतीचे पान उघडून ठेवा, तेच आधी पाहू.